काका उतरल्याशिवाय वजन घेऊ नये

जालन्याच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पाइप आणि पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. जिना बाहेरून, लोखंडी. उन्हाळ्यात त्याच्या कठड्याला हात लावता येत नाही. आम्ही बियाण्यांच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. गाडी फाटकातून आत आली की तिचं वजन, मालाचा नमुना, ओलावा, पोती, गोदाम, सगळं त्यात नोंदलं जातं. मी पुण्याहून इथं आले ती लग्नानंतर. नवरा इथल्याच एका सळयांच्या मिलमध्ये इंजिनिअर. माझं माहेर याच जिल्ह्यातल्या धावड्याचं, त्यामुळं जालना मला परकं नव्हतं. पुण्यात जी बोली आवळून धरली होती ती इथं आल्यावर आपोआप सैल झाली.

ऑफिसात ज्याला सगळे दादा म्हणतात, त्यानं हे सॉफ्टवेअर जवळजवळ एकट्यानं लिहिलेलं आहे. उंच, सावळा, बोलण्यापेक्षा हसणं जास्त. त्याच्या घरी भोकरदन तालुक्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. अजूनही थोडी आहेत. हा घरातला पहिला शिकलेला. काम एकदम चोख, पण लिहून ठेवायचं नाव काढलं की त्याला हमखास दुसरं काहीतरी काम आठवायचं. कुणाला काही अडलं तर त्यालाच फोन लावायचा, आणि तो जेवता जेवता, गाडी बाजूला घेऊन, कुठूनही उत्तर द्यायचा. त्यामुळं कागदाची गरज कुणाला वाटलीच नव्हती.

ती वाटली हैदराबादमुळं. तिथल्या एका बियाणं कंपनीच्या जालन्यातल्या प्लांटमध्ये आमचं सॉफ्टवेअर चालत होतं, आणि आता त्यांना ते तेलंगणातल्या बाकीच्या प्लांटमध्येही बसवायचं होतं. आमचे सर म्हणजे ऑफिसचे मालक. ते फोन ठेवून धावतच आत आले.

"ऑर्डर येऊन राह्यली! फक्त टेक्निकल डॉक्युमेंट पाठवा म्हणाले. कुठला भाग काय करतो, कसा करतो. वाचून त्यांच्या माणसांना कळलं पाहिजे."

"मंग कोड वाचा म्हणावं की," दादा म्हणाला. "सगळं त्यातच लिहेल हाय."

"ते न्हाई चालत. तू बस लिहायला. कधीपर्यंत होईल?"

"दिवाळीपर्यंत."

"कोणत्या दिवाळीपर्यंत?"

दादा हसला. सर हसले नाहीत. मग मीच बोलले. पुण्यात आम्ही हे काम हातानं करतच नव्हतो. असं सॉफ्टवेअर मिळतं जे कोड स्वतः वाचतं आणि त्यावरून माहितीचा ग्रंथ तयार करतं. पूर्वीची तसली सॉफ्टवेअर्स फक्त कोडमधल्या टिपा उचलून एकाखाली एक मांडायची. आताची कोड समजून घेतात आणि सरळ वाक्यांत सांगतात की अमुक भाग अमुक काम करतो.

सरांचे डोळे चमकले. दादाचे बारीक झाले.

"माझा कोड ते वाचणार? मला इचारल्याबिगर?"

"तुम्ही हो म्हणा, मंग वाचील," मी म्हणाले.

त्यानं जरा आढेवेढे घेत हो म्हटलं. मी ते सॉफ्टवेअर बसवलं आणि दादाच्या कोडचं फोल्डर त्याच्यापुढं ठेवलं. पडद्यावर फायलींची नावं भराभर सरकायला लागली. आम्ही तिघं खुर्च्या ओढून क्रिकेटची मॅच बघावी तसे बसलो. चहा संपायच्या आत काम झालं. इंग्रजीत एक प्रत, आणि मी गंमत म्हणून मराठीतही मागितली होती ती दुसरी. वर अनुक्रमणिका, मध्ये चौकटी आणि बाणांच्या आकृत्या. पहिलं प्रकरण गाडी फाटकातून आत येण्याचं होतं, आणि ते इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की दादासुद्धा म्हणाला, "बराबर हाय. बिलकुल बराबर."

मी म्हणाले की मला हे एकदा पूर्ण नजरेखालून घालू द्या. सर हो हो म्हणाले. पण मला तेव्हाच एका दुसऱ्या प्लांटवर जायचं होतं, आणि मी परत येईपर्यंत त्यांच्याच्यानं दम धरवला नव्हता. इंग्रजी प्रत हैदराबादला पोचलेली होती.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. सरांनी कौतुकानं स्पीकर चालू केला. पलीकडं त्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. आवाज वयस्कर, शांत, आणि हिंदी अस्सल हैदराबादी.

"सर, ये काका कौन है जी?"

"कौन काका?"

"आपके डॉक्युमेंट में है. लिखा है, काका उतरे बगैर गाडी का वजन नक्को लो. और आगे का एक चॅप्टर पूरा भेडों पे है. हमारे बीज के प्लांट में भेडां कायकू आए?"

सरांनी दादाकडं पाहिलं. दादानं पंख्याकडं पाहिलं.

"और ये देखो. मशीन बंद पडे तो माँ को खबर करो. किसकी माँ?"

"मॅडम, वो... टेक्निकल शब्द है," सर म्हणाले.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. हसल्या की चिडल्या, काही कळेना. "मैं खुद आके देखती. अगले हफ्ते."

फोन बंद झाला. मी मराठी प्रत उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. भाषा सरकारी परिपत्रकासारखी होती. "सदर कार्यपद्धती काका खाली उतरले आहेत किंवा कसे, याची पडताळणी करते. काका उतरल्याशिवाय वजन घेऊ नये." थोडं पुढं: "कळपातील प्रत्येक मेंढी मोजण्यात येते. अयोग्य मेंढीस हाकलून देण्यात येते." मला पुढचं वाचवेना. मी टेबलावर डोकं टेकून हसत होते, दादा भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत होता, आणि सर एकटेच घाम पुसत होते.

त्या सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. दादानं कोडच्या भागांना जी नावं दिली होती ती इंग्रजी अक्षरांतली आपली मराठी होती, आणि सॉफ्टवेअरनं ती प्रामाणिकपणे वाचली होती. पोत्यांच्या एका लॉटला दादानं कळप म्हटलेलं, एका पोत्याला मेंढरू, आणि वजनात न बसणारं पोतं बाहेर काढायच्या क्रियेचं नाव ठेवलं होतं हाकल.

"असं कसं लिहिलंस रे?" सरांनी विचारलं.

"मला त्येच सोपं जातं. लहानपणापासून मोजत आलो. पोतं असो का मेंढरू, एक जरी कमी पडलं तर ध्यानात येतं माझ्या."

"बरं, आणि काका?"

काका म्हणजे त्या कंपनीच्या जालन्यातल्या प्लांटवर वजनकाट्याच्या खोलीत बसणारे गृहस्थ. त्यांना माणसांचा भारी शौक. मक्याची गाडी काट्यावर उभी राहिली की ते खोलीतून उठून ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जायचे. कुठून आला, पाऊस आहे का तिकडं, पोरीचं लग्न जमलं का. आणि हे सगळं काट्याच्या लोखंडी पाट्यावर उभं राहून. गाडीच्या वजनात काकांचं वजन मिसळायचं. रिकामी गाडी परत काट्यावर यायची तेव्हा मात्र ते चहा पीत असायचे. म्हणजे कंपनी रोज मक्याच्या भावानं काकांनाच विकत घेत होती. मॅनेजरनं सांगून पाहिलं. काका मनापासून हो म्हणायचे आणि पुढची गाडी आली की विसरायचे. शेवटी दादानं प्रोग्रामलाच शिकवलं. गाडी स्थिर झाल्यावर एका माणसाएवढं वजन वाढलं, तर थांब. तेवढंच परत कमी झालं, की मग आकडा धर.

"मस्त हाय," सर म्हणाले. "पण मॅडम यायच्या आत सगळं काढा. मेंढरं काढा, काका काढा, आई काढा. मला कंपनीसारखा कागद पाहिजे."

पुढचे काही दिवस दादा आणि मी शेजारी शेजारी बसलो. मी त्या सॉफ्टवेअरनं लिहिलेलं वाचायची, दादा खरी हकीकत सांगायचा, मी नवीन नाव सुचवायची. मेंढरांची पोती एका दुपारीत झाली. काकांवर मात्र अडलो.

"नको असलेल्या वजनाची तपासणी," मी सुचवलं.

"काकाला नको असलेलं वजन म्हणता? त्यांना कळलं तर चहा पाजायचे बंद होतील, ताई."

शेवटी आम्ही 'वजन स्थिर आहे का' असं गुळमुळीत नाव ठेवलं. मग आई आली. दादानं पटकन पान पुढं सरकवलं. मी मागं आणलं.

"दादा, ही आई कोण?"

"माझीच," तो म्हणाला, आणि कान लाल करून सांगायला लागला.

काटा बंद पडला की मोबाइलवर मेसेज जावा, अशी सोय त्यानं केली होती. ती तपासायला कुणाचा तरी नंबर हवा होता. ऑफिसातलं कुणी फोनकडं लक्ष देत नव्हतं, म्हणून गावाकडं आईचा टाकला. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून त्या मेसेजला वेगळी वाजणी लावून दिली आणि सांगितलं, ही वाजली की मला फोन कर. तपासणी संपली, नंबर राहिला. तेव्हापासून काटा बंद पडला की ती शेतात असो, मेंढरांमागं असो, आधी त्याला फोन करते. मला एकदम उलगडलं. आम्ही दादाला काटा बंद असल्याचं सांगायला फोन करायचो तेव्हा तो नेहमी म्हणायचा, "माहीत हाय, निघालो." आम्हाला वाटायचं, हा काय माणूस आहे!

"आता काढतो नंबर," तो म्हणाला.

"मॅडम जाईपर्यंत राहू द्या," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाही सांगता येणार नाही. इतकी चांगली गोष्ट घाईघाईनं पुसावी असं वाटेना, एवढंच.

मॅडम आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, साडीखाली खेळाडूंचे बूट. हातात आमच्या त्या जुन्या प्रतीचं छापील बाड, आणि त्यात रंगीत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्यांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. आमच्यापैकीही कुणी तेवढं वाचलं नव्हतं. सरांनी लगबगीनं नवी, धुतलेली प्रत पुढं केली. त्यांनी ती घेतली, चाळली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "पहले मेरे कू काका दिखाओ."

प्लांटवर काकांना आधीच बातमी लागली होती. पांढरा सदरा, टोपी, कपाळाला बुक्का. आम्हाला वाटलं होतं ते रुसले असतील. पण ते हात जोडत पुढं आले.

"आओ जी, आओ. मैंच वो काका."

जालन्याच्या जुन्या माणसांना ती हैदराबादी बोली घरचीच. दोन मिनिटांत मॅडमचं माहेर, सासर, कोणत्या गल्लीतला चहा चांगला, सगळं निघालं. तेवढ्यात मक्याची एक गाडी काट्यावर आली. काकांना आम्ही सगळे बघतोय याचंही भान राहिलं नाही. ते सवयीनं उठले, पाट्यावर चढले, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्याच्या म्हशीची चौकशी करायला लागले. खोलीतल्या पडद्यावर लाल अक्षरं आली: थांबा. मॅडम एकदा पडद्याकडं, एकदा काकांकडं बघत होत्या. म्हशीचं बोलून झालं, काका उतरले, अक्षरं हिरवी झाली आणि वजन धरलं गेलं.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. गाडी गेल्यावर त्या स्वतःच बूट आपटत पाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

काका खोलीतून ओरडले, "फिकर नक्को करो मॅडम, ये काटा दस-दस किलो से गिनता. आपका असली वजन किसी कू नहीं मालूम पडता!"

त्यावर त्या जे हसल्या, ते बघून सरांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण चिठ्ठ्या अजून बाकी होत्या.

"अब माँ," मॅडम म्हणाल्या.

दादा चाचरत म्हणाला, "मॅडम, वो निकालनेच वाले थे हम."

"नक्को निकालो. पहले देखने दो."

आता इलाज नव्हता. दादानं वाकून काट्याची वायर काढली. आम्ही सगळे त्याच्या फोनकडं बघत उभे राहिलो. मला तर परीक्षेचा निकाल लागावा तसं झालं होतं. फोन वाजला. मॅडमनी स्पीकर चालू करायची खूण केली.

"आरं, तुझा काटा बंद पडला बघ," आईचा खणखणीत आवाज आला, मागं मेंढरांचं बें बें. "आत्ताच वाजलं. जल्दी जा. आन जेवला का न्हाई?"

"जेवलो, आई."

"खोटं बोलू नको. आवाजावरनं कळतंय."

मॅडमनी दादाच्या हातातून फोन घेतला. "अम्मा, मैं हैदराबाद से बोलती. खिलाती मैं इसकू." आईला किती कळलं देव जाणे, पण ती म्हणाली, "हां हां, बरं बरं, खाऊ घाला," आणि फोन ठेवला.

जेवताना मॅडमनी दोन्ही प्रती ताटाशेजारी ठेवल्या. आमच्या नव्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाल्या की ही छान दिसते, पण वाचून काही कळत नाही. वजन स्थिर आहे का तपासा, असं लिहिलंय. का तपासायचं? माझ्या तिकडच्या पोरांना वाटेल हे फालतू आहे, आणि ते काढून टाकतील. जुनी वाचून मी दचकले, त्या म्हणाल्या, पण तीत जे लिहिलं होतं तेच इथं घडत होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्या दादाकडं वळल्या. "नावां अच्छे रखो. लेकिन हर नाव के नीचे कायकू, वो भी लिखो. मशीन को कायकू नहीं मालूम. तुमकू मालूम."

दादा मान खाली घालून भात कालवत होता. "लिहतो," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

आणि त्यानं लिहिलं. सुरुवातीला तो सांगायचा आणि मी टाइप करायची. नंतर सकाळी मी येण्याआधीच तो एकेका भागावर दोन ओळी लिहून ठेवायला लागला. त्या ओळी ते सॉफ्टवेअर वाचायचं आणि पुढच्या वेळी त्याचा मजकूर आणखी नेमका यायचा. एकदा मी बघितलं, एका भागावर त्यानं लिहिलं होतं: "उन्हाळ्यात दुपारी वावटळ आली की आकडा नाचतो, म्हणून इथं दम धरला आहे." त्याच्याखाली मशीननं तेच इतक्या गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं होतं की दादानं ते छापून आपल्या टेबलावर चिकटवलं.

ऑर्डर मिळाली. तेलंगणातल्या पहिल्या प्लांटवर बसवायला मी आणि दादा गेलो. तिथं गप्पा मारणारं कुणी नव्हतं. पण गाडी काट्यावर आली की हमाल तिच्या सावलीत टेकायचे, पाट्यावरच. पडद्यावर लाल अक्षरं आली की तिथला ऑपरेटर खिडकीतून ओरडायचा. सगळं बोलणं तेलुगू, त्यात एकच शब्द आम्हाला कळायचा: काका. मॅडमनी दिलेल्या जुन्या प्रतीतून त्यानं तो उचलला होता. दादा मला म्हणाला, "काकांना सांगू नका, त्यांना इकडं यावं वाटंल." मी परत येताच सांगितलं. काका आठवडाभर प्रत्येक ड्रायव्हरला ते सांगत होते, अर्थात काट्यावर उभं राहून.

आईचा नंबरही आम्ही एकदा काढून टाकला. कंपनीच्या चार माणसांचे नंबर घातले, सगळं रीतसर केलं. थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला, की लई दिस झाले तुझा काटा बंद पडला न्हाई, तू आजारी तर न्हाईस? दादानं खूप समजावलं. तिला ते काही पटलं नाही. शेवटी यादीत सगळ्यात खाली तिचा नंबर परत घातला, आणि आता त्यावर एक ओळही आहे, ती दादानं मला न विचारता लिहिली: "ही आई. काढू नये."

मागच्या हिवाळ्यात तिनं आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. सर, मी, नवरा, एका गाडीत बसून गेलो. घरासमोर तुरीचं वावर, बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. आई दादासारखीच उंच. तिनं मला चुलीपाशी बसवून घेतलं.

"तू बी काट्याचंच काम करतीस का?"

"न्हाई, आई. हे जे काम करतात ते लोकांना कळावं म्हणून लिहून ठेवते."

"लई बेस. त्याला लहानपणापासून सांगायचाच कंटाळा," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

बाहेर ओट्यावर सरांनी हिरव्या मिरचीचा ठेचा भाजी समजून वाटीभर घेतला होता. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बोलू शकेनात, नुसते हात हलवायला लागले. दादा तांब्या घेऊन धावला, माझा नवरा गूळ शोधायला लागला, आणि आई तोंडाला पदर लावून इतकी हसत होती की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली.